पंखा बंद झाल्यावर

पावसाची गाणी मागितली तर ढीगभर मिळतात, मग थंडीची गाणी का आठवत नाहीत? डिसेंबर लागला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. जूनमध्ये पावसाच्या गाण्यांची यादी चहा उकळेपर्यंत तयार होते. थंडीच्या यादीचं घोडं मात्र तिसऱ्या गाण्याशी पेंड खायला लागतं. मग चौथं म्हणून कुणीतरी ‘गारवा’ सुचवतं. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा तो अल्बम गोडच आहे, पण त्यातला गारवा पावसाचा आहे. त्याला स्वेटर लागत नाही.

या प्रकरणात तयार यादी नाही, कारण दुसऱ्याने केलेली यादी आपल्या घरात चार दिवसांच्या वर टिकत नाही. निवड कशी करायची, एवढंच इथे पाहू. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शब्दांत थंडी शोधत बसलात तर दहा गाणीसुद्धा जमणार नाहीत. वर्षातले इतर आठ-नऊ महिने जी गाणी नीट ऐकूच येत नाहीत आणि थंडीत येतात, ती शोधायची.

१. थंडीची गाणी इतकी कमी का?

रवींद्रनाथ टागोरांच्या ‘गीतवितान’ या संग्रहात निसर्गाच्या भागात गाणी ऋतूंप्रमाणे लावलेली आहेत. त्यात वर्षा ऋतूची ११५ आणि वसंताची ९६ गाणी आहेत. हिवाळ्याची १२. हेमंताची तर फक्त ५. बंगालात थंडी पडत नाही असं नाही. खजुराच्या रसाचा नवा गूळ तिथे थंडीतच येतो आणि लोक त्याची वर्षभर वाट पाहतात. तरी गाण्यांचा हिशेब हा असा.

शास्त्रीय संगीतातही तेच दिसतं. मल्हाराचे प्रकार मोजायला बसलं तर मियाँ मल्हार, गौड मल्हार, सूर मल्हार, रामदासी मल्हार अशी रांग लागते. जुन्या राग-रागिणी पद्धतीत सहा ऋतूंना सहा मुख्य राग वाटून दिले होते. त्यात हेमंताच्या वाट्याला श्री आला आणि शिशिराच्या वाट्याला मालकंस. पण आजचा गायक श्री गायला हेमंताची वाट पाहत नाही, संध्याकाळची पाहतो, आणि मालकंसासाठी रात्रीची. ऋतूशी खरी गाठ उरली आहे ती मल्हाराची आणि वसंत-बहाराची. ‘हेमंत’ नावाचाही एक राग आहे. तो मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्या परंपरेतून पुढे आला आणि बहुतेक रसिकांनी तो सतारीवरच ऐकलेला असतो.

कारण उघड आहे. पाऊस येतो, उशीर करतो, दडी मारतो, आणि पेरणीपासून लग्नाच्या खर्चापर्यंत सगळं त्याच्यावर लटकलेलं असतं. आपल्याकडची थंडी असं काही करत नाही. शेतात रब्बी उभी असते, हुरडा तयार असतो, अंगण कोरडं असतं. निफाडचा पारा घसरला की वर्तमानपत्रात चौकट येते, तेवढीच तिची दहशत. जिथे थंडी खरोखर बोचते तिथे ती गाण्यात येते. उत्तरेतल्या बारमासा या प्रकारात विरहिणी बारा महिन्यांची दुःखं क्रमाने सांगते आणि पौष-माघाच्या कडव्यांत थंडी तिला अक्षरशः मारते. जायसीच्या ‘पद्मावत’मधला नागमतीचा बारमासा १५४० च्या सुमाराचा आहे. आपली मराठी थंडी त्या मानाने सुखाची, आणि सुखावर गाणी कमीच होतात.

२. बर्फाची गाणी उन्हाळ्यात लिहिली गेली

मग पाश्चात्त्य गाणी घ्यावीत का? तिकडे बर्फ आहे, नाताळ आहे, म्हणजे माल अस्सल असणार, असं वाटतं. गंमत अशी की त्यातली बरीच गाणी उकाड्यात तयार झाली आहेत.

अर्विंग बर्लिनचं ‘व्हाइट ख्रिसमस’ बिंग क्रॉस्बीच्या आवाजात १९४२ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झालं. जगात सर्वाधिक खपलेली एकल तबकडी म्हणून तिचं नाव घेतात. खपाचा अंदाज ५ कोटी प्रतींच्या वर जातो. या गाण्याला मुळात एक सुरुवातीचं कडवं होतं आणि त्यात कॅलिफोर्नियातलं ऊन आणि ताडाची झाडं होती. उन्हात बसलेला माणूस बर्फाची आठवण काढतो, असा तो प्रसंग. ते कडवं बहुतेक वेळा गाळलं जातं आणि मागे फक्त बर्फ उरतो. ‘लेट इट स्नो’ आणि ‘द ख्रिसमस साँग’ ही दोन्ही गाणी १९४५ च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियातल्या काहिलीतच लिहिली गेली. ‘जिंगल बेल्स’ १८५७ साली छापलं गेलं तेव्हा त्यात नाताळचा उल्लेखही नव्हता. घसरगाडीच्या शर्यतीचं ते गाणं, नाताळ त्याला नंतर चिकटला.

तेव्हा आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून ही गाणी लावताना ओशाळायचं कारण नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांच्याही खिडकीबाहेर तेव्हा बर्फ नव्हता.

शब्दांशिवाय थंडी हवी असेल तर विवाल्दी ऐका. त्याच्या ‘फोर सीझन्स’ या १७२५ साली छापलेल्या चार रचनांतली शेवटची हिवाळ्याची आहे. प्रत्येक रचनेसोबत एक सुनीत छापलेलं आहे आणि कुठल्या सुरावटीत काय घडतं ते त्यात सांगितलेलं आहे. पहिल्या भागात थंडीने कुडकुडणं आणि दात वाजणं आहे. दुसऱ्या संथ भागात एक जण घरात शेकोटीपाशी निवांत बसला आहे आणि बाहेर पाऊस पडतो आहे. इथे एक व्हायोलिन सावकाश गातं आणि बाकीची व्हायोलिनं तारा बोटांनी छेडून थेंब वाजवतात. हा भाग जेमतेम दोन मिनिटांचा आहे. यादीत एकच परकी चीज घ्यायची असेल तर मी ही घेईन. शूबर्टची ‘विंटरराइझं’ ही १८२७ सालची चोवीस गीतांची मालिकाही थोर आहे, पण ती रिकाम्या घरात सलग बसून ऐकण्याची गोष्ट आहे. दोन हिंदी गाण्यांच्या मध्ये ती टाकू नये. दोघांचंही नुकसान होतं.

३. पंख्याची भानगड

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. आपल्या घरात थंडीमुळे सर्वात मोठा फरक कशात पडतो? पंखा बंद होतो.

छताचा पंखा वर्षातले आठ-नऊ महिने सतत घोंगावत असतो. तो ऐकू येत नाही असं आपल्याला वाटतं, कारण मेंदू एकसारख्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतो. दुर्लक्ष झालं तरी आवाज असतोच, आणि तो दुसऱ्या आवाजांवर पांघरूण घालतो. याला ध्वनिशास्त्रात आच्छादन म्हणतात. नियम साधा आहे: दोन आवाजांच्या कंपनसंख्या जवळपास असतील तर मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. पंख्याची घरघर खालच्या आणि मधल्या पट्टीत पसरलेली असते, आणि हलक्या गाण्यातल्या नाजूक गोष्टीही नेमक्या तिथेच राहतात. तानपुऱ्याचा झंकार, तबल्यावरच्या बायाची घसीट, गायिकेने ओळीच्या शेवटी सोडलेला श्वास, सतारीच्या तरफांचा मागे उरलेला गुंजारव.

उन्हाळ्यात आपण काय करतो? आवाज वाढवतो. त्याने मोठ्या जागा आणखी मोठ्या होतात, बारीक जागा तरीही झाकलेल्याच राहतात. थंडीत पंखा बंद, खिडकी लावलेली, कूलर माळ्यावर. खोलीतली शांतता एकदम काही पायऱ्या खाली उतरते आणि त्या बारीक जागा उघड्या पडतात.

हे पटत नसेल तर घरी करून पाहा. श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेलं, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचं ‘शुक्रतारा मंद वारा’ पंखा लावून ऐका आणि मग पंखा बंद करून त्याच आवाजात ऐका. शब्द दोन्ही वेळा कळतील. पण खळ्यांच्या चालीत दोन शब्दांच्या मध्ये जी जागा सोडलेली असते, ती दुसऱ्या वेळी ऐकू येईल. ‘मालवून टाक दीप’ हे सुरेश भटांचं, हृदयनाथ मंगेशकरांनी बांधलेलं आणि लताबाईंनी गायलेलं गाणं याच जातीचं. यात कुठेही स्वेटर नाही, धुकं नाही. तरी माझ्या मते ही थंडीचीच गाणी आहेत, कारण ती पूर्ण ऐकू येतात ती याच दिवसांत.

हीच निवडीची पहिली कसोटी. गाणं घ्या, आवाज नेहमीच्या निम्म्यावर आणा आणि ऐका. त्यातली गंमत टिकली तर ते थंडीच्या यादीत बसतं. आवाज कमी केल्यावर ते लंगडं पडलं तर ते लग्नाच्या वरातीसाठी राहू द्या.

४. ‘उबदार’ आवाज म्हणजे काय?

आपण सहज म्हणतो की अमक्याचा आवाज उबदार आहे. आवाजाला तापमान नसतं, मग आपण नेमकं काय ऐकतो?

कुठलाही सूर एकटा नसतो. गायकाने षड्ज लावला की मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुपटीची, तिपटीची, चौपटीची कंपनंही निघतात. समजा मूळ सूर सेकंदाला १५० कंपनांचा आहे. तर ३००, ४५०, ६०० अशी वरची कंपनंही थोड्याफार प्रमाणात त्याच्यात असतात. वरची फार जोरकस असली तर आवाज धारदार, लखलखीत वाटतो. मूळ सूर आणि लगतची एक-दोन कंपनं भरीव असली आणि वरची मऊ असली तर तोच सूर आपल्याला उबदार वाटतो. तलत महमूद, हेमंत कुमार, भूपिंदर सिंग, जगजीत सिंग ही नावं एका दमात का घेतली जातात, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

या उबेला एक तारीखही आहे. १९२५ पर्यंत गायकाला ध्वनिमुद्रण करताना एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खणखणीत गावं लागायचं. त्या कर्ण्याला कुजबूज कळत नसे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी तबकड्या भरल्या त्या याच पद्धतीने. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि पहिल्यांदाच माणूस कानाशी बोलावं तसं गाऊ लागला. क्रॉस्बी हा त्या मायक्रोफोनचाच लाभार्थी. आपल्याकडचं भावगीतही मायक्रोफोन आणि आकाशवाणी यांच्या आधाराने वाढलं. गाणारा माणूस जवळ बसला आहे असं वाटणं, हा ‘उबदार’पणाचा दुसरा घटक.

तिसरा घटक लय. इथे एकाच गाण्याचं उदाहरण पुरेल. गुलजार यांच्या ‘मौसम’ (१९७५) या चित्रपटात ‘दिल ढूँढता है’ दोनदा येतं. मदनमोहन यांची चाल, मुखड्यामागे गालिबचा शेर. त्याच्या अंतऱ्यांत थंडीतलं अंगणातलं ऊन आहे, उन्हाळ्यातली गच्ची आहे आणि बर्फाळ डोंगरही आहेत. भूपिंदर एकटे गातात ते रूप संथ आहे. लता आणि भूपिंदर यांचं युगुलगीत बरंच चालतं आहे. शब्दांचा गाभा तोच. संथ रूप ऐकताना फुरसत हरवलेली असते, आणि युगुलगीतात ती आत्ता हाताशी असते. म्हणून एक रात्रीच्या यादीत जातं आणि दुसरं सुट्टीच्या दुपारच्या. गाण्याचं नाव लिहिताना कोणतं रूप तेही लिहा, नाहीतर फोन हमखास नको ते लावतो.

एक व्यावहारिक सूचना. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत, म्हणजे आपण ज्याला ऊब म्हटलं तीच गळून पडते. साधे दोन-चारशे रुपयांचे तारेचे हेडफोनही त्यापेक्षा बरे.

५. आधी घड्याळ, मग ऋतू

‘थंडीची यादी’ ही एकच यादी करू नये. थंडीची पहाट आणि थंडीची रात्र यांना एकच गाणं चालत नाही. रागांना प्रहर नेमून देणाऱ्यांना हे फार आधी कळलं होतं. अलीकडे ते आकड्यांतही दिसलं: २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५१ देशांतल्या १० लाख श्रोत्यांनी ऑनलाइन वाजवलेली ७६.५ कोटी गाणी तपासली गेली. रात्री उशिरा लोक शांत गाण्यांकडे वळतात आणि दिवसा कामाच्या वेळेत उसळत्या गाण्यांकडे, हे देशोदेशी सारखं निघालं.

पहाटेपासून सुरू करू. सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण मुंबई-पुण्याकडे सर्वात उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो. तो जानेवारीच्या मध्यावर होतो, आणि सर्वात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस होऊन गेलेला असतो. पृथ्वीचा कललेला अक्ष आणि लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे सूर्याची मध्यान्ह आपल्या घड्याळापुढे-मागे सरकते, त्याचा हा परिणाम. आपल्या कामाचं एवढंच: संध्याकाळची यादी नोव्हेंबरअखेर काढा, पहाटेची जानेवारी संपेपर्यंत चालवा.

पहाटेसाठी मराठीत तयार खजिना आहे. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावोगाव काकड आरती चालते. भूपाळ्या, वासुदेवाची गाणी ही सगळी अंधारात उठणाऱ्यांसाठीच रचलेली. होनाजी बाळाची ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी ‘अमर भूपाळी’ (१९५१) या चित्रपटातून घराघरांत गेली. वसंत देसाईंचं संगीत, लता मंगेशकर आणि पंडितराव नगरकर यांचे आवाज. दुसऱ्या कुठल्या महिन्यात ही भूपाळी लावली की सूर्य आधीच डोक्यावर आलेला असतो. जानेवारीत साडेसहाला लावा, बाहेर अजून काळोख असतो.

दुपारचं फार सांगण्यासारखं नाही. ऊन अंगावर घेत जे आवडेल ते ऐकावं.

संध्याकाळ अवघड. ती लवकर येते, पटकन संपते आणि मनाला थोडी खाली ओढते. श्री, मारवा, पूरिया हे संधिकालचे राग ती ओढ लपवत नाहीत. ज्यांना ती सोसत नाही त्यांनी या वेळी सरळ नाचती गाणी लावून पोळ्या लाटाव्यात. यात काहीही कमीपणा नाही.

रात्रीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. पुण्यात भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तो डिसेंबरच्या थंडीत रात्ररात्र चालायचा. लोक घोंगड्या, शाली, थर्मास घेऊन बसायचे, आणि शेवटच्या पहाटे भीमसेनजी सांगता करायचे. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंधन आलं आणि त्या रात्री संपल्या. नियम चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. शेजारच्या इमारतीत आजारी माणूस असतोच. पण त्याचा परिणाम असा झाला की उत्तररात्रीचे राग मैफलीतून जवळजवळ हद्दपार झाले. ते त्यांच्या वेळी ऐकायचे असतील तर आता ध्वनिमुद्रणाशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा रात्रीच्या यादीत निदान एक मालकंस ठेवाच. कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद, रिषभ-पंचम नाहीतच. राग अनोळखी वाटत असेल तर ‘बैजू बावरा’ (१९५२) मधलं ‘मन तड़पत हरि दर्शन को आज’ आधी ऐका. नौशाद यांनी ते याच रागात बांधलं आहे. मग विलंबित ख्यालाकडे वळा. निखिल बॅनर्जींच्या सतारीवरचा हेमंतही याच वेळचा.

थंडीच्या रात्री दूरच्या आगगाडीची शिट्टी जवळ आल्यासारखी वाटते, तेही कानाचे भास नव्हेत. रात्री जमिनीलगतची हवा आधी गार होते आणि वरची तुलनेने उबदार राहते. ध्वनी गार हवेत किंचित हळू चालतो, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. उघड्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना हीच गार हवा छळते. ३० अंशांवर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो, १५ अंशांवर ३४० च्या आसपास. फरक अडीच टक्क्यांच्या थोडा वर. हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांतलं अंतर सुमारे सहा टक्के. म्हणजे गार बासरी जवळजवळ निम्मी पट्टी उतरते. फुंकरीने ती तापली की थोडी सावरते. तंतुवाद्याच्या धातूच्या तारा मात्र गारठ्याने आखडतात आणि चढतात. एक खाली, एक वर. वादक मध्येच थांबून सूर जुळवायला लागला तर थंडीत त्याला जरा जास्त सवलत द्यावी.

६. अंगावर काटा

थंडीने येणारा काटा आणि गाण्याने येणारा काटा यांत शरीराच्या दृष्टीने फरक नाही. केसांच्या मुळाशी बारीक स्नायू असतात, ते आकसले की केस उभे राहतात. थंडीत ते उबेसाठी, गाण्यात कशासाठी?

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना त्यांच्या आवडीचं, काटा आणणारं संगीत ऐकवून मेंदूचं चित्रण केलं. आनंदाशी निगडित असलेलं डोपामिन हे रसायन दोनदा स्रवलं: एकदा त्या जागेच्या क्षणी, आणि एकदा त्याच्या आधी, जागा आता येणार या अपेक्षेने, मेंदूच्या वेगळ्या भागात. म्हणजे गाणं ओळखीचं असणं हा आनंदाचा निम्मा भाग आहे. पूर्ण नवी यादी करून थंडीची वाट पाहणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे.

ओळखीलाही मर्यादा आहे. ऐकत गेलं की गाणं आधी जास्त आवडतं, मग एका टोकानंतर उतरायला लागतं. सर्वात आवडतं गाणं गजराला लावणाऱ्यांना हे ठाऊक असतं. महिन्याभरात ते गाणं नकोसं होतं. यावर उपाय म्हणजे उपास. मराया कॅरीचं ‘ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू’ १९९४ चं. अमेरिकेच्या मुख्य लोकप्रियता यादीत ते पहिल्या क्रमांकावर आलं २०१९ च्या डिसेंबरात, पंचवीस वर्षांनी. अकरा महिने कुणी ऐकत नाही म्हणून ते टिकलं. आपली थंडीची यादीही फेब्रुवारीत बंद करावी आणि नोव्हेंबरपर्यंत उघडू नये. एखादं गाणं एकाच ऋतूत ऐकलं की तो ऋतू त्याला चिकटतो, मग त्यात कुठलेही शब्द असोत. साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी सर्वात पक्की बसतात. तेव्हा आईवडिलांसाठी यादी करताना त्यांच्या कॉलेजच्या वर्षांतलीच गाणी शोधा, आपली त्यांच्यावर लादू नका.

७. किती गाणी, कोणत्या क्रमाने?

जुन्या गाण्यांची लांबी सव्वातीन मिनिटांच्या आसपास का असते? ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. तबकडी गेली, सवय राहिली. अशी गाणी घेतली तर वीस गाण्यांना एक तास आणि वर पाच-दहा मिनिटं लागतात. रात्रीच्या एका बैठकीला तेवढं पुष्कळ झालं. शंभर गाण्यांच्या यादीत निवड नसते.

क्रम फोनवर सोडू नये. फोन क्रम पिसतो तेव्हा एकाच गायकाची गाणी लागोपाठ येतात आणि आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं. मूठभर ज्वारी ताटात भिरकावली तर दाणे सारख्या अंतरावर पडत नाहीत, कुठे तीन एकत्र पडतात, कुठे मोकळी जागा राहते. खऱ्या योगायोगाची खूण हीच. हिशेब मांडून पाहू: वीस गाणी, त्यांतली पाच किशोर कुमारांची. वीसपैकी पाच जागा निवडण्याचे १५,५०४ प्रकार आहेत. त्यांत कुठल्याही दोन जागा शेजारी नसतील असे फक्त ४,३६८. म्हणजे दर शंभरातल्या सुमारे बहात्तर वेळा किशोर कुमार निदान एकदा लागोपाठ येणारच. श्रोत्यांच्या तक्रारींमुळे स्पॉटिफायने २०१४ च्या सुमारास पिसण्याची पद्धत बदलली आणि एका कलाकाराची गाणी मुद्दाम पसरवायला सुरुवात केली.

क्रम हाताने लावताना दोन गोष्टी पाहा. पहिली, आवाजाची पातळी. १९५५ चं गाणं आणि २०१५ चं गाणं शेजारी ठेवलं तर दुसरं अंगावर येतं, कारण नव्या ध्वनिमुद्रणांत हलके आणि मोठे आवाज एकमेकांजवळ दाबून आणलेले असतात आणि एकूण पातळी चढी असते. बहुतेक ॲपमध्ये पातळी समान ठेवण्याची सोय असते, ती चालू करा. दुसरी, लय. संथ गाण्यानंतर लगेच द्रुत नको. मधलं एखादं वाद्यसंगीत ठेवा. रात्रीसाठी नमुना असा: सुरुवातीला ‘चांदण्यात फिरताना’, मग ‘शुक्रतारा’, मग विवाल्दीची ती दोन मिनिटं, मग भूपिंदर यांचं संथ ‘दिल ढूँढता है’, मग ‘मालवून टाक दीप’, आणि शेवटी हेमंत किंवा मालकंसाचा आलाप, पूर्ण लांबीचा. यातला आलाप सोडून बाकीचं तुम्ही बदलणार, आणि बदलावंच. आलाप मात्र शेवटीच ठेवा, कारण त्याच्यानंतर कुठलंही गाणं घाईचं वाटतं.

एक शेवटचं काम उरतं. ॲपवरची गाणी आपल्या मालकीची नसतात. कंपन्यांचे करार संपले की गाणं यादीतून मुकाट्याने करडं होतं किंवा नाहीसं होतं, आणि पुढच्या नोव्हेंबरात तिथे काय होतं ते आठवत नाही. म्हणून यादी झाली की ती वहीत उतरवून ठेवा: गाणं, गायक, चित्रपट किंवा अल्बम, आणि दोन रूपं असतील तर कोणतं.